पोथी, बासन आणि जुजबंदी : मराठवाड्यातील ग्रंथबांधणीची परंपरा

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हा तालुका 1999 मध्ये स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा परिसर ज्या निलंगा तालुक्यात मोडत असे, तो निजामाच्या राज्यात आणि त्यानंतरही 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होता. ग्रंथाच्या इतिहासात बीदरच्या या सरहद्दीला महत्त्व आहे, कारण तिच्या एका अंगाला सुट्या पानांच्या पोथीची परंपरा जपणारी आंबेजोगाई आहे, तर दुसऱ्या अंगाला शिवलेल्या, चामडी वेष्टनाच्या फारसी ग्रंथांचे माहेरघर असलेले बीदर आहे. पुस्तक कसे बांधावे, वहीत अक्षर आणि चित्र यांचा मेळ कसा घालावा, हे शिकवणारी पुस्तके आज या भागातील वाचक बहुधा इंग्रजीत शोधतो. परंतु या विद्येचे अतिशय नेमके मार्गदर्शन मराठीत साडेतीनशे वर्षांपासून उपलब्ध आहे, आणि ते एका अध्यात्मग्रंथात असल्यामुळेच हस्तकौशल्याच्या अंगाने फारसे वाचले गेलेले नाही.

हा ग्रंथ म्हणजे समर्थ रामदासांचा ‘दासबोध’. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे 1608 मध्ये जन्मलेल्या रामदासांनी वीस दशकांच्या या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाने लिहिला. समास म्हणजे दशकाचे एक प्रकरण. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे एवढ्यावर तो थांबत नाही. पान आधी शिशाने आखून घ्यावे, ओळींमधले अंतर कमीजास्त होऊ देऊ नये, वरच्या ओळीतील लांब अक्षर खालच्या ओळीला भिडू नये आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, अशी त्याची शिकवण आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून अक्षर मध्यम आकाराचे ठेवावे, हा सल्ला तर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांचा पुढील तीसचाळीस वर्षांचा विचार करणारा आहे. त्याहून मोलाची सूचना समासाची, म्हणजे पानाच्या चारी बाजूंना सोडावयाच्या कोऱ्या जागेची आहे : कागदाच्या कडा काळाने झडणारच, त्या झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये, यासाठी मजकूर मध्यभागीच ठेवावा.

पुढे साहित्याची यादी येते आणि ती कारागिराच्या माहितीची आहे. कागद घट्ट आणावा आणि जपून खळावा, असे रामदास सांगतात. खळ म्हणजे पिठाची पातळ चिकी. ती कागदाला दिल्याने शाई फुटत नाही, आणि खळ वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटले म्हणजे पृष्ठभागावर बोरू अडखळत नाही. सुऱ्या, कातऱ्या, निरनिराळ्या देशांचे बोरू, तांबड्या रंगासाठी हिंगूळ, भिजवून वाळवलेल्या शाईचा साठा, पोथीच्या वरखाली ठेवण्यासाठी घोटलेल्या आणि चित्रांनी सजवलेल्या फळ्या, गुंडाळण्यासाठी कापडी बासने, ओलाव्यापासून रक्षणासाठी शेंदरी रंगाचे मेणकापड आणि शेवटी कुलूपबंद पेट्या, असा हा क्रम आहे. कागदापासून कुलपापर्यंत ग्रंथाचा सगळा देह एकाच प्रकरणात, करण्याच्या क्रमाने मांडणारा दुसरा मराठी मजकूर इतका जुना आणि इतका नेटका सापडणे कठीण आहे.

या यादीतील कागदाचे एक मोठे केंद्र मराठवाड्यातच होते. दौलताबादजवळील कागजीपुरा या गावचे कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा आले, अशी परंपरा आहे. जुनी गोणपाटे, दोर आणि चिंध्या चुन्याच्या पाण्यात कुजवून कुटावयाच्या, तो लगदा हौदात कालवून गवताच्या बारीक चटईवर उचलावयाचा, ओले ताव भिंतीवर चिकटवून वाळवावयाचे आणि मग खळ देऊन घोटावयाचे, अशी ही कृती होती. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हा व्यवसाय खालावला, तरी तो पूर्णपणे नाहीसा झाला नाही.

चित्र आणि अक्षर एकत्र नांदवण्याची जी आवड आज चित्रवहीच्या रूपाने पुन्हा दिसते, तिचे या प्रदेशातील सर्वांत धाडसी उदाहरण मात्र कागदावर नाही, कापडावर आहे. आंबेजोगाईचे संतकवी दासोपंत (1551–1615) यांनी पंचीकरण हा विषय पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या कापडाच्या पांघरुणावर लिहिला. पंचीकरण म्हणजे पंचमहाभूतांच्या परस्पर मिश्रणातून सृष्टी आणि देह कसे घडतात, याचे वेदान्ती विवेचन. सुमारे 24 हात लांब आणि अडीच हात रुंद असलेल्या या पासोडीवर ओव्यांबरोबर आकृत्या आणि कोष्टके आहेत, त्यामुळे तत्त्वांची वंशावळ वाचकाला ऐकावी लागत नाही, ती डोळ्यांपुढे उलगडते. पानांत तुकडे पडले असते तर हा अखंड संबंध दिसला नसता. विषयाला शोभेल असा ग्रंथाचा देह निवडण्याची ही जाण विलक्षण म्हटली पाहिजे.

बीदरच्या बाजूने आलेली रीत वेगळी होती. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने 1472 च्या सुमारास तेथे उभारलेल्या मदरशातील ग्रंथालय प्रसिद्ध होते, आणि अशा ग्रंथालयांतील ग्रंथ जुजबंदीचे असत. जुज म्हणजे मधोमध दुमडून एकात एक घातलेल्या पानांची जुडी. अशा जुड्या घडीतून दोरा ओवून एकमेकींना शिवणे ही जुजबंदी, आणि त्यावर चढवलेले चामड्याचे किंवा कापडी वेष्टन ही जिल्द. नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्यानंतर शिवलेल्या ग्रंथाला या प्रदेशात आणखी एक मानाचे स्थान मिळाले. ग्रंथसाहिबाच्या प्रतीला बीड म्हणतात आणि तीही रुमालात जपली जाते. मराठी मठांतून आणि कीर्तनकारांच्या घरांतून वापरले जाणारे बाड, म्हणजे अभंग, पदे, आरत्या आणि उतारे ज्यात हाताशी येतील तसे टिपले जात ती लांबट शिवलेली वही, पोथी आणि जुजबंदी या दोन रीतींच्या मधले रूप आहे. लिहिणाऱ्याच्या आवडीनिवडीचा इतका जिवंत पुरावा सुबक पोथ्यांतही मिळत नाही, म्हणून बाडांकडे दुय्यम सामग्री म्हणून पाहण्याची अभ्यासकांची सवय अन्यायाची आहे.

हे ग्रंथ पुन्हा प्रकाशात आले ते शोध घेणाऱ्यांच्या पायपिटीमुळे. वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी बीड शहरातील पाटांगण येथे मिळाली आणि ती 1909 मध्ये धुळ्याहून छापली गेली. शंकर श्रीकृष्ण देव यांनी आजच्या धाराशिव जिल्ह्यातील डोमगावच्या मठात जपलेल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून 1905 मध्ये दासबोध प्रसिद्ध केला. लेखनक्रियेचा समास आज घरोघरी आहे, त्यात या प्रतीचा वाटा मोठा आहे. स्वतः कल्याणस्वामी हे समर्थांचे लेखनिक असल्याने, सांगितलेले नियम कसे पाळले गेले याचा पडताळाही त्या हस्तलेखनातच घेता येतो.

छापखाना आल्यावरही पोथीचा आकार लगेच सुटला नाही. श्रावणात गावोगाव पोथी लावण्याच्या प्रथेमुळे ‘पांडवप्रताप’ आणि ‘हरिविजय’ यांसारखे ग्रंथ शिळाछापावर सुट्या आडव्या पानांतच निघत राहिले. दुसरीकडे लातूरच्या आडत बाजारातील लाल कापडी बांधणीच्या वह्या आणि शाळा-वाचनालयांची पुस्तके यांनी जुजबंदी करणाऱ्यांना काम पुरवले; कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची त्यांची युक्ती जुन्या ग्रंथरक्षणाच्या उपायांशीच नाते सांगणारी आहे.

या दोन रीतींची गल्लत झाली की हानी होते. सुट्या पानांची पोथी खिळखिळी दिसते म्हणून ती डाव्या कडेने शिवून, यंत्रावर कडा कापून पुस्तकासारखी बांधून घेतली, तर वरच्या बाजूला उलटण्यासाठी लिहिलेली पाने उलटी-सुलटी वाचावी लागतात, शिलाईजवळची अक्षरे दबतात आणि समास कापला जातो. त्या समासातच लेखनिकाने गाळलेली अक्षरे खुणा करून नंतर भरलेली असतात, नकलेची तिथी आणि पोथीच्या मालकाची नोंदही कधी तेथेच असते. अशी पोथी शिवण्याऐवजी पाने मऊ ब्रशाने झाडून, क्रमाने लावून, दोन फळ्यांमध्ये ठेवून सुती बासनात सैलसर बांधणे हाच तिच्यासाठी योग्य उपाय आहे.