हजेरीची वही कोणाच्या हातात?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या पेपरवाल्याने एका पोराला घरी आणलं. वय तेवीस, जालना जिल्ह्यातला, राहायला कळंबोलीत एका खोलीत अकरा जण. काम उरणकडच्या एका गोदामात, कंटेनरमधून माल उतरवायचा, स्टिकर लावायचे, परत भरायचा. गळ्यातल्या ओळखपत्रावर एका एजन्सीचं नाव, पगार दुसऱ्याच कंपनीच्या खात्यातून, गोदाम तिसऱ्याचं, माल चौथ्याचा आणि तो जाणार परदेशात. खात्यावर महिन्याला सोळा हजार जमा व्हायचे, सगळं कसं कायदेशीर. फक्त एटीएम कार्ड आणि त्याचा पिन सुपरवायझरकडे. तो पैसे काढणार, खोलीचं भाडं, मेसचे पैसे, युनिफॉर्म, आणि 'भरतीचे आठ हजार' यांचा हप्ता कापणार, उरलेले सहा-सात हजार हातात ठेवणार. दहावीची मूळ मार्कशीटसुद्धा त्याच्याकडेच. "काम सोडायचं तर आधी हिशेब पुरा कर."

मला वाटलं पोरगा पगाराचं विचारेल. त्याने विचारलं, "सर, मार्कशीट कशी मिळंल?"

मी उलट विचारलं, तुझी हजेरी कोण लावतो? म्हणाला, सुपरवायझर, त्याच्या मोबाइलमध्ये. तू कधी पाहिलीस? नाही.

हा प्रश्न मला सुचला तो माझ्या हुशारीमुळे नाही. कोपरखैरण्यात एक निवृत्त माथाडी आजोबा आहेत, वय ऐंशीच्या पुढे. ते नेहमी म्हणतात, "पत्रकार, मजुराचं राज्य कोणाचं ते बघायचं असेल तर वही कोणाच्या बगलेत आहे ते बघ." पोरगा गेल्यावर मी जुनी टिपणं काढून बसलो आणि लक्षात आलं, आपण ज्याला आता इंग्रजीत 'आधुनिक गुलामगिरी' म्हणतो, त्याचा मुंबई-नवी मुंबईतला शंभर वर्षांचा इतिहास हा खरं तर या वहीचाच इतिहास आहे.

सुरुवात गिरणीपासून करू. गिरणीचा मालक मजूर भरती करत नसे. ते काम जॉबरचं, आपल्या भाषेत मुकादमाचं. बायकांच्या खात्यात नाईकीण. गावाकडून माणसं तोच आणायचा, कामावर तोच घ्यायचा, काढायचा तोच. खोली त्याच्या ओळखीने, उधारी त्याच्या ओळखीच्या दुकानात, कर्ज बहुतेकदा त्याच्याकडूनच. आणि या सगळ्याची दस्तुरी. सकाळी फाटकावर बदलीवाले उभे राहायचे, कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी कोणाला आत घ्यायचं हे जॉबर ठरवणार. म्हणजे ज्याने हात ओला केला तो आत. व्हिटली आयोग १९२९ ते १९३१ या काळात देशभर फिरला, त्याने या लाचखोरीवर सविस्तर लिहून ठेवलंय. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने बदली नियंत्रणाची पद्धत आणली, बदलीवाल्यांना कार्ड दिलं. कार्डवाल्यांनाच आधी काम. मालकांना मजुरांचा कळवळा आला होता असं नाही, जॉबर डोईजड झाला होता. पण एक गोष्ट झाली. मुकादमाच्या डोक्यात असलेली यादी कागदावर आली.

गोदीत तीच तऱ्हा. तिथे टोळीवाला. जहाज लागलं की टोळी, नाही लागलं की उपास. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला आणि त्यातून मुंबईला डॉक लेबर बोर्ड आलं. नोंदलेला कामगार बोर्डाचा, पाळी बोर्ड लावणार, आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरी लावली तर थोडे पैसे मिळणार. ही शेवटची गोष्ट त्या काळात केवढी मोठी होती याचा विचार करा. 'आज काम नाही, घरी जा' हा धोका पहिल्यांदा मजुराच्या एकट्याच्या डोक्यावरून उतरला.

आता माथाडी. इथे थोडं थांबतो, कारण नवी मुंबईच्या लोकांना हा इतिहास घराघरात आहे आणि तरी विसरत चाललाय. पाटण, जावळी, वाई, जुन्नर, आंबेगाव इथली माणसं मशीद बंदर, दाणाबंदरला पाठीवर-डोक्यावर पोती वाहायची. मालक कोण? व्यापारी म्हणे, आमचा नोकर नाही. ट्रकवाला म्हणे, आमचा नाही. खरंच होतं, एक माणूस दिवसात पाच पेढ्यांवर काम करायचा. अशा माणसाला कुठला कारखाना कायदा लागणार? मधे टोळीचा मुकादम, मजुरी त्याच्या हातात, वाटप त्याच्या मर्जीने. आजोबा सांगतात, "आम्हाला किती पोती झाली ते पाठीला कळायचं, पैसे किती झाले ते मुकादमाला."

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील स्वतः हमालीतून आलेले. त्यांनी साठच्या दशकात या माणसांची युनियन बांधली, मोर्चे काढले, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. या कायद्यातली युक्ती नीट समजून घ्या, कारण माझ्या मते महाराष्ट्राने देशाला दिलेल्या दोन-तीन अस्सल कल्पनांपैकी ही एक आहे (दुसरी रोजगार हमी). कायदा 'मालक सिद्ध करा' असं म्हणतच नाही. तो म्हणतो, व्यापाऱ्याने बोर्डात नोंदणी करायची, टोळीने बोर्डात नोंदणी करायची. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही बोर्डात भरणार. बोर्ड कामगाराला मजुरी देणार, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना. बोर्डावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने. म्हणजे माणूस पाच पेढ्यांवर फिरता राहिला, काम तात्पुरतंच राहिलं, पण त्याची वही एका जागी स्थिर झाली. दलाल काढला आणि त्याच्या खुर्चीवर सार्वजनिक संस्था बसवली.

मग ऐंशीच्या दशकापासून मुंबईचे घाऊक बाजार एकेक करत खाडी ओलांडून वाशीला आले आणि त्यांच्यामागे माथाडी आले. कोपरखैरणे, घणसोलीतल्या माथाडींच्या वसाहती या त्या बोर्डाच्या वहीतून उभ्या राहिल्या असं मी म्हणतो. वहीत नाव होतं म्हणून पगाराचा दाखला होता, दाखला होता म्हणून घराचं कर्ज. ज्यांची पोरं आज इंजिनिअर आहेत त्यांनी वडिलांचं बोर्डाचं पासबुक एकदा कपाटातून काढून बघावं.

आता गंमत बघा. माथाडी कायद्यानंतर पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, केंद्राने कंत्राटी कामगार कायदा केला. त्याची कल्पना बरोबर उलटी. कंत्राटदार राहू द्या, फक्त त्याला परवाना द्या, रजिस्टर ठेवायला लावा. कायद्यात चांगली कलमं होती, नाही असं नाही. कलम २१ प्रमाणे पगार वाटताना मुख्य मालकाचा माणूस हजर लागायचा, आणि कंत्राटदाराने बुडवला तर मुख्य मालकाला भरावा लागायचा. पण वही कंत्राटदाराच्या बगलेतच राहिली. वीस कामगारांची मर्यादा होती, म्हणून एकोणीस-एकोणीसचे तीन कंत्राटदार. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हा खेळ मी स्वतः बातम्यांत लिहिलाय. पुढे महाराष्ट्राने ही मर्यादा पन्नासवर नेली, नव्या श्रमसंहितेतही पन्नासच आहे. म्हणजे आता एकोणपन्नास-एकोणपन्नास. आणि कंत्राट पद्धत बेकायदा ठरली तरी कामगार आपोआप कायम होणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगून टाकलं. त्या दिवसानंतर मॅनपॉवर एजन्सीच्या पाट्या कशा वाढल्या ते सायन-पनवेल रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही आठवेल.

महाराष्ट्राने मात्र १९८१ मध्ये माथाडीचाच साचा सुरक्षारक्षकांना लावला. त्यांचंही बोर्ड. पण त्यात सूट मिळवायची खिडकी ठेवली, आमच्या सवलती बोर्डापेक्षा कमी नाहीत असं दाखवा आणि बाहेर राहा. त्या खिडकीतून एजन्स्यांची अख्खी वरात गेली. आज तुमच्या सोसायटीच्या गेटवर बारा तास उभ्या असलेल्या काकांना विचारा, पीएफ नंबर माहीत आहे का.

"गुलामगिरी हा शब्द जरा जास्त होतो" असं मला एका उद्योजक मित्राने ऐकवलं. साखळदंड कुठे आहेत? याचं उत्तर आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये देऊन ठेवलंय. दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामं चालू होती. मजुरी ठरलेली सव्वानऊ रुपये रोज, त्यातला एक रुपया जमादार दलाली म्हणून कापायचे, हातात सव्वाआठ. न्यायमूर्ती भगवतींनी निकालात म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबणं ही घटनेच्या कलम २३ मधली वेठ आहे. माणसाला बंदूक दाखवून राबवलं पाहिजे असं नाही, भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच. एका रुपयावरून हे झालं होतं. माझ्या ओळखीच्या पोराचा महिन्याला निम्म्याहून जास्त पगार जातो.

१९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदाही आपण फक्त वीटभट्टीपुरता समजतो. पनवेल, पेण, वसईच्या बाजूच्या कातकऱ्यांना पावसाळ्यात उचल द्यायची आणि दिवाळीनंतर कुटुंबासकट भट्टीवर न्यायचं, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. श्रमजीवी संघटनेने ऐंशीच्या दशकात त्यावर उठवलेलं रानही पाहिलंय. पण कायद्यात भट्टी असा शब्द नाही. आगाऊ पैसे किंवा कर्ज, आणि त्यापोटी काम सोडून जायचं स्वातंत्र्य गेलं, की वेठ. असं कर्ज कायद्याने रद्दच होतं, आणि ते वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर आहे. 'भरतीचे आठ हजार' हे मला तरी उचलीचंच शहरी रूप दिसतं. (या कायद्यातला दंड मात्र आजही दोन हजारांपर्यंतच. तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण दंड दोन हजार. सुपरवायझर एका पोराकडून महिन्यात त्याच्यापेक्षा जास्त काढतो.)

इंग्लंडचं उदाहरण देतो, कारण आपल्या गोदामातला माल तिकडे जातो. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री मोरकॅम्बच्या उपसागरात शिंपले गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मेले. त्यांना मुकादमाने नेलं होतं. देश हादरला, त्याच वर्षी शेती-मासेमारीतल्या मजूर पुरवठादारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. म्हणजे महाराष्ट्राने मुकादमाला हात घातल्यानंतर पस्तीस वर्षांनी. २०१५ मध्ये त्यांनी आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, त्यात मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीत काय पाहिलं याचं निवेदन दरवर्षी द्यायचं. त्यामुळे आपल्या इथल्या पुरवठादारांकडे प्रश्नावली येते. एका एचआरवाल्याने मला ती दाखवली. 'कामगारांची मूळ कागदपत्रं तुमच्याकडे ठेवता का?' उत्तर: नाही. खरंच आहे, कंपनी ठेवत नाही. सुपरवायझर ठेवतो. आणि प्रश्नावली सुपरवायझरपर्यंत येत नाही.

माथाडी बोर्डाची आरती ओवाळतोय असं समजू नका. माथाडीच्या नावाखाली एमआयडीसीत खंडणी मागणाऱ्या टोळ्या झाल्या, न उचललेल्या मालाचे पैसे घेतले गेले, हे खरं आहे आणि याची सगळ्यात जास्त चीड खऱ्या माथाड्यांनाच आहे. बोर्डांत नोंदी अडकतात, पदं रिकामी राहतात. २०२३ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं तेव्हा कामगार रस्त्यावर आले, कारण खंडणी थांबवायच्या नावाने कायद्याचाच पाया काढतील ही भीती. माझं मत, भीती अनाठायी नव्हती.

आणि हो, मीही काही फार वरचा नाही. दहा वर्षं एका दैनिकाला बातमीच्या सेंटिमीटरवर बातम्या दिल्या. नेमणूकपत्र नाही, मोजमाप त्यांचं, पट्टी त्यांची. वहीचं दुःख मला कळतं.

पोराचं काय झालं ते सांगतो. आम्ही आधी बँकेत गेलो, जुनं कार्ड बंद केलं, नवं काढलं, सहा महिन्यांचं स्टेटमेंट घेतलं. त्यात प्रत्येक महिन्यात एकाच तारखेला, एकाच एटीएममधून, पूर्ण रक्कम काढलेली. मग कामगार कार्यालयात अर्ज, एक प्रत एजन्सीला, एक गोदामाच्या मालकाला, आणि एक ज्याचा माल आहे त्या कंपनीला. चौथी प्रत पोचली आणि दुसऱ्याच दिवशी सुपरवायझर मार्कशीट घेऊन खोलीवर हजर. पैशांची सुनावणी अजून चालू आहे, दोनदा तारीख पडलीय. खोलीतल्या बाकी दहांपैकी तिघांनी स्टेटमेंट काढलंय. सात जण म्हणतात, दिवाळीनंतर बघू.

पोराने आता एक दोन रुपयांची वही घेतलीय, खरं तर दहाची, दोनची कुठे मिळते आता. रोज किती वाजता आत, किती वाजता बाहेर, लिहितो. परवा आजोबांना दाखवायला घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्मा लावला, दोन पानं वाचली आणि म्हणाले, "रविवारची सही राहिलीय."