कोबाल्ट ब्लूमधील रंगप्रतीके

'कोबाल्ट ब्लू' ही सचिन कुंडलकर यांची २००६ साली प्रसिद्ध झालेली मराठी कादंबरी आहे. जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला. कादंबरीवर आधारित त्याच नावाचा हिंदी-इंग्रजी चित्रपट २ एप्रिल २०२२ रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. समलैंगिक प्रेमाच्या या कथेत निळा रंग हे मध्यवर्ती प्रतीक आहे.

== कथानक ==
पुण्यातील जोशी कुटुंबाच्या घरी वरच्या खोलीत एक तरुण चित्रकार भाड्याने राहायला येतो. तनय आणि त्याची बहीण अनुजा हे दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. मात्र एकाचे प्रेम दुसऱ्याला ठाऊक नसते. अनुजा त्याच्यासोबत घर सोडून जाते आणि काही महिन्यांनी एकटीच परत येते. पहिला भाग तनयचे निवेदन असून त्यात तो निघून गेलेल्या प्रियकराला 'तू' असे संबोधतो. दुसरा भाग अनुजाची रोजनिशी आहे. भाडेकरूचे नाव वाचकाला अखेरपर्यंत कळत नाही.

== रंगद्रव्य ==
कोबाल्ट ब्लू हे कोबाल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांपासून बनणारे रंगद्रव्य आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई जाक तेनार यांनी १८०२ मध्ये ते तयार केले. प्रकाशात व उष्णतेत ते टिकून राहते, म्हणून चित्रकलेत आणि चिनी मातीच्या भांड्यांवर त्याचा वापर होतो. न उडणारा रंग आणि न थांबणारा माणूस, हा विरोध शीर्षकात सूचित होतो.

== निळ्या रंगाचा अर्थ ==
भाडेकरू चित्रकार असल्याने रंग ही त्याच्या रोजच्या कामातील वस्तू आहे. तो निघून गेल्यावर मात्र तोच रंग त्याची खूण ठरतो. नाव नसलेल्या माणसाला शीर्षकातील रंगानेच ओळख मिळते. तनयला आपले दुःख घरात कोणाला सांगता येत नाही. अनुजाचे प्रेम घरच्यांना कळते आणि त्यावर वादही होतो. तनयच्या प्रेमाला घरात शब्दच नाही. त्या मौनाच्या जागी रंग येतो.

या मौनाला कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ नुसार समलैंगिक संबंध गुन्हा होता. प्रौढांमधील परस्परसंमतीचे असे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. चित्रपट त्यानंतरचा असला, तरी त्याची कथा १९९० च्या दशकात घडते. त्यात स्थळ पुण्याऐवजी केरळातील कोची आहे.

== इतर संदर्भ ==
महाराष्ट्रात निळ्या रंगाचा सर्वात परिचित सार्वजनिक अर्थ आंबेडकरी चळवळीशी निगडित आहे. रायगड जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. दरवर्षी त्या दिवशी महाडला जमणाऱ्या अनुयायांच्या हाती निळे झेंडे असतात. तो निळा सामूहिक असून समान हक्काची जाहीर ग्वाही देतो. कादंबरीतील निळा खासगी आहे. त्याचा अर्थ तो लावणाऱ्यापुरताच राहतो.

गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार केलेला इंद्रधनुषी ध्वजही असाच जाहीर ओळखीसाठी होता. ॲलिस ओसमन यांच्या 'हार्टस्टॉपर' या किशोरवयीन प्रेमकथेच्या मालिकेत रंगांची योजना त्याच परंपरेतली आहे. ही मालिका २०२२ च्या एप्रिलमध्येच नेटफ्लिक्सवर आली. तिच्यात चार्लीभोवती निळ्या, तर निकभोवती पिवळ्या छटा आढळतात. निकला आपल्या उभयलैंगिकतेची जाणीव होऊ लागते, तेव्हा त्याच्यावर गुलाबी, जांभळा व निळा प्रकाश पडतो. हे तीन रंग १९९८ मधील उभयलैंगिक ध्वजाचे आहेत. तेथे रंग स्वतःला ओळखण्याची वाट दाखवतात. तनयला आपले आकर्षण आधीच ठाऊक असते. ते ऐकणारे कोणी नसते. म्हणून 'कोबाल्ट ब्लू'मधील रंग ओळखीपेक्षा स्मरणाचे काम करतो.