अंदमानातील साथी व भाषांचा लोप

एखादी भाषा नामशेष का होते, याची मीमांसा करताना प्रबळ भाषेचे दडपण, शालेय शिक्षण व स्थलांतर ही कारणे सामान्यतः पुढे मांडली जातात. बृहत् अंदमानी भाषाकुलाच्या बाबतीत हा क्रम बदलावा लागतो. तेथे बोलणारी माणसे आधी मेली. उरलेल्यांनी हिंदीचा आश्रय मागाहून घेतला. यास्तव या भाषांचा इतिहास हा प्रथमतः आरोग्याचा इतिहास होय.

सन १८५८ मध्ये ब्रिटिश सरकारने पोर्ट ब्लेअर येथे बंदिवसाहत वसविली, तेव्हा बृहत् अंदमानी समाजाच्या दहा टोळ्या असून प्रत्येकीची भाषा निराळी होती. त्यांची एकंदर संख्या काही हजारांच्या घरात होती. त्यांना माणसाळवावे या हेतूने १८६३ मध्ये 'अंदमान होम' नामक आश्रयस्थान उघडण्यात आले. अरण्यात व समुद्रकाठी लहान लहान गटांनी विखरून राहणारे लोक त्यामुळे वसाहतीच्या निकट एकत्र आले. परिणामी उपदंश त्यांच्यात पसरला आणि १८७७ मध्ये गोवराच्या साथीने हाहाकार उडविला. ही हकीकत विरोधकांनी रचलेली नव्हे; अंदमानी लोकांचा कारभार पाहणारे अधिकारी पोर्टमन यांनीच १८९९ च्या आपल्या इतिहासग्रंथात ती नमूद केली आहे. १९०१ च्या जनगणनेत हे लोक ६२५ उरले, १९३१ मध्ये ९०, आणि १९६१ मध्ये अवघे १९.

नव्या रोगांविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती, हे स्पष्टीकरण खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. त्याच द्वीपसमूहातील जारवांनी वसाहतीशी वैर धरले व ते दूर राहिले. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० भरली. १९९७ च्या अखेरीपासून ते अरण्याबाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यातही गोवर शिरला. मात्र या वेळी औषधोपचार लाभले व १८७७ ची पुनरावृत्ती टळली. रोग तोच, परंतु व्यवस्था निराळी.

हाच निष्कर्ष पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवरून अधिक स्पष्ट होतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये 'टालुन' हे जहाज न्यूझीलंडहून आपिया बंदरात आले. तेथील न्यूझीलंडच्या प्रशासनाने त्याला क्वारंटाइन केले नाही, आणि इन्फ्ल्युएंझाने पश्चिम सामोआतील सुमारे एकपंचमांश प्रजा दगावली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पोयर यांनी कडक नाकेबंदी केली. तेथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. दोन्हीकडील लोक एकाच वंशाचे व एकाच भाषेचे होते. भेद होता तो केवळ कारभाराचा.

आदिवासींच्या अनारोग्याचे खापर त्यांच्या शरीरप्रकृतीवर वा चालीरीतींवर फोडणे म्हणजे या कारभाराला दोषमुक्त करणे होय. संयुक्त राष्ट्रांचा २००७ चा जाहीरनामा व जागतिक आरोग्य परिषदेचा २०२३ चा ठराव यांनी आरोग्याचा हक्क शब्दांत मान्य केला आहे. परंतु रस्ता, बंदर वा वसाहत उभारण्यापूर्वी रोगप्रतिबंधाची तजवीज होते किंवा नाही, हीच त्या शब्दांची खरी कसोटी ठरेल. २०१० मध्ये 'बो' भाषेच्या अखेरच्या भाषक बोआ सीनियर निवर्तल्या. ज्या ऱ्हासाचा तो शेवट होता, त्याचा आरंभ कोशात नव्हे, तर 'होम'च्या मृत्युनोंदींत शोधावा लागतो.