दहा वर्षांची हमी

निराधार, अंध, अपंग माणसांसाठी चालणाऱ्या संस्थांबद्दल आपल्याकडे एक समज पक्का आहे. एका बड्या देणगीदाराचा किंवा परक्या मुलखातला पैसा आला की संस्था मिंधी होते आणि दारोदार फिरून जमवलेली वर्गणी मात्र तिला मोकळे ठेवते. महाराष्ट्रात विधवांसाठी निघालेल्या पहिल्या काही संस्थांचे हिशेब आणि वाद एकत्र ठेवून पाहिले की हा समज डळमळतो. मोकळेपणा पैसा किती हातांतून आला यावर ठरत नव्हता. त्या पैशाच्या अटी कागदावर होत्या की लोकांच्या मनात, आणि तो किती वर्षांसाठी कबूल केलेला होता, यावर बरेच काही अवलंबून होते.

पंडिता रमाबाईंचे शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. त्याचा खर्च बोस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेली अमेरिकन रमाबाई असोसिएशन भागवत होती. हा पैसा कुणा एका धनिकाचा नव्हता. गावोगावच्या ‘रमाबाई मंडळां’मधल्या सभासदांनी वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा, आणि तोही दहा वर्षे, अशी ती कबुली होती. मुख्य अट स्पष्ट होती : सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापला आचार पाळावा. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. आपल्या खोलीत प्रार्थना करताना त्या दार लावून घेत नसत आणि काही मुली आत येऊन बसत. त्या उघड्या दारावरून पुणे पेटले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी मंडळी सदनाच्या सल्लागार समितीतून बाहेर पडली आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. बोस्टनने मात्र आपल्या प्रतिनिधी अँड्र्यूजबाईंना हिंदुस्थानात पाठवून चौकशी केली आणि मदत चालू ठेवली. अट लेखी असल्यामुळे ती मोडली की नाही, हे तपासता तरी येत होते. पुण्याच्या विश्वासाला कलमे नव्हती, त्यामुळे तिथे तपासायला काहीच नव्हते.

याच सदनातल्या गोदूबाईंशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि मुरुडात बहिष्कार ओढवून घेतला. तीन वर्षांनी त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा पदरचे हजार रुपये घातले आणि बाकीची भिस्त मराठी मुलखातल्या वर्गणीवर ठेवली. परका पैसा नको, वाद नको. आणि इथे वर्गणीचा खरा भाव कळतो. विधवाविवाहोत्तेजक मंडळाचे काम केलेल्या या माणसाने आश्रमातून पुनर्विवाहाचा पुरस्कार होणार नाही, असे धोरण ठेवले, कारण त्यावाचून सनातनी घरांतून आठ आणेही मिळाले नसते. सुधारकांना ही माघार वाटली. गोदूबाईंची, म्हणजे आता आनंदीबाईंची, सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, त्या केशवपन केलेल्या विधवेच्या वेषात. केस राखायचे त्यांनी ठरवले ते १९१२ साली. विधवेला शिकवून उभे करणाऱ्या संस्थेसाठी पैसे मागणारी बाई वर्षानुवर्षे मुंडित मस्तकाने दारात उभी होती. ही अट कुणी लिहून दिली नव्हती आणि म्हणूनच तिच्याबद्दल घासाघीसही करता येत नव्हती.

यावर ठाकरसींचे उदाहरण पुढे केले जाईल आणि ते रास्त आहे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठासाठी पंधरा लाख देऊ केले. त्याचे व्याज वर्षाला ५२,५०० रुपये. त्याबदल्यात विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे नाव लागले आणि पुढे त्याचे ठाणे पुण्याहून मुंबईला गेले. मोठा पैसा संस्थेचा पत्ता बदलतो, हे खरेच. पण कर्व्यांना या अटी आधी कळल्या होत्या. काय गमावतो आणि काय मिळवतो याचा हिशेब त्यांनी डोळे उघडे ठेवून केला. लिहून दिलेली अट नेहमी सौम्य असते असे मुळीच नाही. फक्त ती स्वीकारणाऱ्याला नाही म्हणण्याची संधी मिळते. शिवाय वर्गणीने एक मोठे काम केलेच : १९१९ च्या सुमारास सुरू झालेल्या भाऊबीज फंडाने कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेचे नाव घराघरांत नेले. पैशाइतकीच ती ओळखही मोलाची होती, हे वर्गणीच्या बाजूने मान्य करायला हवे.

रमाबाईंची दहा वर्षे १८९८ मध्ये संपली. तोवर दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींमुळे केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले होते. तिथे रमाबाई उघडपणे ख्रिस्ती संस्था चालवू लागल्या आणि पैसाही ख्रिस्ती श्रद्धावंतांकडून येऊ लागला. अंध स्त्रियांना त्यांची मुलगी मनोरमा ब्रेल शिकवू लागली. पुण्याने ज्यासाठी त्यांना दूर केले तेच आता संस्थेचे उघड रूप झाले होते.

आज पैशाच्या अटींचा आणि मुदतीचा हा प्रश्न कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या रूपाने पुन्हा समोर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करणे भाग पडले. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. हिशेब मागणारे म्हणतील की नियमांवाचून लूट होते, आणि त्यात तथ्य आहे. पण नियम कशाचा आहे ते पाहावे. कंपनीचा ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचे वर्ष सोडून फार तर तीन वर्षे चालू शकतो. कर्णबधिर मुलाला वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी श्रवणयंत्र मिळाले, तरी बोलायला आणि पुढे शाळेत टिकायला त्याला त्याहून कितीतरी अधिक काळ विशेष शिक्षक लागतो. यंत्र एकदा घेता येते, शिक्षकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. वर्षाला एक डॉलर देणाऱ्या अमेरिकन सभासदांनी दहा वर्षांचे वचन दिले होते. वार्षिक ताळेबंदावर चालणाऱ्या कंपनीला तेवढे लांबचे लिहून द्यायला कायदा आज भाग पाडत नाही.