मिरची आधी आली की आपण?

एप्रिल-मे महिन्यांत नेरळपासून खोपोलीपर्यंत कोणत्याही गावात जा. गच्चीवर, अंगणात, ओटीपुढे जुन्या साडीवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या दिसतील. घर आगऱ्याचे आहे, कुणब्याचे, मराठ्याचे, बौद्धाचे की मुसलमानाचे, हे त्या मिरच्यांवरून सांगता येणार नाही. मृग लागायच्या आत वर्षाचा मसाला बरणीत गेला पाहिजे, ही घाई सगळ्यांना सारखीच. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस एकदा सुरू झाला की चार महिने धड कपडे वाळत नाहीत, तिथे मिरची कुठली वाळायला?

ही मिरची आपल्याला इतकी आपली वाटते की तिला कुणी "तू मूळची कुठली?" असे विचारत नाही. हा प्रश्न माणसांना विचारला जातो. मराठी मुसलमानाला तर तो शाळेपासून म्हातारपणापर्यंत कधी ना कधी ऐकावाच लागतो. मराठीत बोललो तरी समोरचा म्हणतो, "अरे वा, तुमचं मराठी चांगलं आहे." म्हणून आज तोच प्रश्न मिरचीला विचारून पाहू.

मिरचीचे मूळ घर अमेरिका खंडात. मेक्सिकोत हजारो वर्षे तिची लागवड होत होती. कोलंबस १४९२ साली निघाला तो मिऱ्याच्या शोधात, आणि त्याला सापडली मिरची. आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. त्यांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५२१ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या चौलला किल्ला बांधायला सुरुवात केली. म्हणजे मिरचीचे इथले वय फार तर पाचशे वर्षे.

त्याआधी लोक तिखट खात नव्हते असे नाही. तिखटपणा मिऱ्यातून, पिंपळीतून, आल्यातून यायचा. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मांसाचे कितीतरी प्रकार दिले आहेत, पण त्यांत मिरची नाही. मांडूच्या सुलतानाच्या 'निमतनामा'त नाही. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त पदार्थांची मापे आहेत, मिरे आहेत, आले आहे, मिरची तिथेही नाही. कुराणात जन्नतच्या पेयात 'जंजबील', म्हणजे आले, मिसळलेले असेल असा उल्लेख आहे; मिरचीचा असणे शक्यच नव्हते. कर्जतजवळची कोंढाणे लेणी दोन हजार वर्षांपूर्वी कोरणाऱ्या कारागिरांनीही ठेच्याशिवायच भाकरी खाल्ली.

मराठीने या पाहुणीला वेगळे नावसुद्धा दिले नाही. घरात 'मिरे' होतेच, त्यावरून 'मिरची' केले. नवे माणूस घरात आले की त्याला जुन्या नात्याने हाक मारावी, तसे झाले.

आता आपल्याकडे वळू. अल-मसूदी हा अरब प्रवासी आणि इतिहासकार इ. स. ९१६च्या सुमारास सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आजचे चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत ओमान, बसरा, बगदाद, सिराफ इथून आलेले होते, तसेच इथेच जन्मलेलेही होते. राज्य राष्ट्रकूटांचे होते आणि या वस्तीच्या कारभारासाठी राजाच एका मुसलमानाला प्रमुख नेमत असे. चौलचा माल घाटावर चढायचा तो बोरघाटाच्या वाटेने, म्हणजे खालापूरच्या बाजूने.

हिशेब सोपा आहे. आजच्या रायगड जिल्ह्यात मुसलमानांची वस्ती लेखी नोंदीनुसार अकराशे वर्षांची, आणि मिरची पाचशे वर्षांची. ज्या ठेच्याला आपण अस्सल मराठी मातीची चव म्हणतो, त्या ठेच्याच्या सहाशे वर्षे आधी या किनाऱ्यावर अजान होत होती.

पण इथेच थांबलो तर आपणही त्याच खेळात सापडू. "आम्ही आधी आलो, म्हणून आमचा हक्क मोठा" असे म्हणायचे असेल तर बिचाऱ्या मिरचीला हाकलून द्यावे लागेल. आणि बाहेरून आलेल्यांच्या पोटी जन्मलेले किती, इथेच धर्म बदललेले किती, हा हिशेब आज कुणाच्या चेहऱ्यावरून लागत नाही. मिरची आपली झाली ती जुनी आहे म्हणून नव्हे. घराघरांतल्या बायकांनी तिला हाताळले, कुटले, भाजले, वाटले, म्हणून ती आपली झाली.

कर्जत-खालापूर हा त्यासाठी पाहण्यासारखा मुलूख आहे. समुद्र लांब आणि घाट डोक्यावर. त्यामुळे खालची खोबऱ्याची रीत आणि वरची ठेच्याची रीत इथे एकाच चुलीवर भेटतात. हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर थेंबभर तेलात डाग पडेपर्यंत भाजायची, मीठ घालून तव्यातच वाटीच्या बुडाने रगडायची, हा घाटावरचा ठेचा. हिरवी मिरची, आले, लसूण, कोथिंबीर आणि ओला नारळ पाट्यावर वाटायचा, हे कोकणी वाटण. कोकणी मुसलमानांच्या सालनात ते हवेच. ठाकर-कातकऱ्यांच्या वाडीवर लाल मिरची, लसूण आणि मीठ दगडावर चेचले की तांदळाच्या भाकरीबरोबर जेवण झाले. ताजी मासळी इथे रोज मिळत नाही, म्हणून आठवड्याच्या बाजारातली सुकट, जवळा आणि बोंबील. त्यांचा उग्र वास आणि खारटपणा झेलायला लाल तिखटच लागते. ताकात मुरवून वाळवलेली मिरची पावसाळ्यात तळायची, ती खिचडीबरोबर. आणि कर्जत स्टेशनवर गाडीला घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडतात, तेवढ्या वेळात खिडकीतून घेतलेला वडा. त्याच्याबरोबर मिठात घोळवलेली तळलेली मिरची नसेल तर वडा परत द्यावा! त्या वड्यातला बटाटासुद्धा अमेरिकेचाच आहे आणि पावाचे नाव पोर्तुगीज. गाडीतल्या कुणाला त्यात परके काही दिसत नाही.

वर्षाच्या मसाल्यात मात्र प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी, तिखटासाठी लवंगी किंवा गुंटूर, मधली संकेश्वरी. मग धने, जिरे, बडीशेप, दगडफूल, नागकेसर, तमालपत्र, हळकुंड, हिंग. कुणी धने जास्त घालते, कुणी खडा गरम मसाला. देठे खुडायला शेजारणी एकत्र बसतात, पण प्रमाण पूर्ण सांगत नाहीत. पूर्वी उखळ-मुसळ होते, आता डंकावर रांग लागते. त्या रांगेत आगरी बाईचा डबा पुढे आणि मुसलमान बाईचा मागे असतो. दोघी सारख्याच शिंकतात.

२०१८ ते २०२२ या वर्षांत रमजान नेमका मसाल्याच्या दिवसांत आला होता. रोजात चव बघणे बहुतेक जणी टाळतात, म्हणून मीठ-तिखटाचा अंदाज वासावर आणि रंगावर. मिरचीची धूळ घशात गेली तर रोजा राहतो का, हा प्रश्न हमखास निघतो. कोकणी मुसलमान शाफई आहेत, आणि शाफई फिकहच्या जुन्या ग्रंथांत याचे उत्तर आहे: वाटेवरची धूळ किंवा पीठ चाळताना उडालेला कण नकळत घशात गेला, तर रोजा तुटत नाही. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी चाळणी हातात घेतलेल्या बाईचा विचार केला होता, हे वाचून बरे वाटते.

मिरचीच्या जुन्या मुलखाशेजारी टेक्सासमध्ये 'चिली' म्हणजे लाल मिरचीत शिजवलेले मांस. सॅन अँटोनियो शहराच्या चौकात मेक्सिकन वंशाच्या बाया रात्री कंदील लावून ते विकत असत. १९३०च्या दशकात आरोग्याच्या नियमांचे कारण देऊन त्यांना उठवले गेले. पुढे १९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळाने चिली हा राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवला. पदार्थाला मान मिळाला, तो रांधणाऱ्या बायांना चौकातून जावे लागले. त्यात राजमा घालावा की नाही यावर तिथे अजून भांडणे होतात.

सॅन अँटोनियोची ही गोष्ट आपल्याही कामाची आहे. बिर्याणी सगळ्यांना हवी, खिमा हवा, ईदचा शीरखुर्मा हवा. पण ते रांधणाऱ्याला घर भाड्याने द्यायची वेळ आली की चौकशी सुरू होते. जिभेने ज्याला आपले म्हटले त्याला उंबऱ्यावर परके म्हणायचे, हा व्यवहार न्यायाचा नाही.

मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही आणि फोडणीत मात्र ती सगळ्या भांड्यात पसरते. एकदा तेलात उतरलेली मिरची परत वेगळी काढता येत नाही. पाचशे वर्षांत ती अशीच आपल्या कालवणात उतरली आहे. अकराशे वर्षांत माणसेही उतरली आहेत.

पुढच्या वेळी कुणी "मूळचे कुठले?" असे विचारले तर चिडू नका. त्याला जेवायला बोलवा, ताटात तांदळाची भाकरी आणि ठेचा वाढा, आणि हसत विचारा, "हा मूळचा कुठला?"