इव्हेंट मार्केटिंगची मास्टर्स म्हणजे नेमकं काय? झाडीपट्टीच्या नाट्य मंडळांकडे बघा, लगेच कळेल

इन्स्टाग्रामवर 'इव्हेंट मार्केटिंगमध्ये मास्टर्स करा, परदेशात करिअर घडवा' अशी जाहिरात एव्हाना तुमच्याही समोर येऊन गेली असेल. चकाचक स्टेज, लेझर लाइट आणि कानाला हेडसेट लावलेली मुलं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या पदवीधर मुलामुलींनाही ही जाहिरात दिसते. त्यांच्यापैकी अनेकांनी गावात तिकिटं फाडलीत, मंडप बांधलाय, जीपवर भोंगा लावून चार गावं फिरलीत. फक्त त्याला इव्हेंट मार्केटिंग म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मग या पदवीत शिकवतात तरी काय? आणि त्यासाठी घरावर कर्ज काढावं का?

आधी शब्दाचा अर्थ बघू. इव्हेंट मार्केटिंगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे कार्यक्रम विकणं. नाटक, संगीत महोत्सव, मॅरेथॉन, प्रदर्शन, काहीही असो, लोक तिकीट काढून आले पाहिजेत. दुसरी म्हणजे कार्यक्रमाच्या आडून भलतंच काही विकणं. ट्रॅक्टर कंपनी शेतकरी मेळावा भरवते तेव्हा तिला मेळावा विकायचा नसतो, ट्रॅक्टर विकायचा असतो. इव्हेंट मॅनेजमेंट म्हणजे मंडप, माइक, जेवण, पार्किंग सांभाळणं. मार्केटिंगवाल्याचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. येणार कोण, का येणार, किती पैसे देणार आणि पुढच्या वर्षी परत येणार का, हे त्याने ठरवायचं.

वडसा नावाचं मार्केट

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचा धानाचा, जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दंडार, खडीगंमत अशा लोककलांच्या मातीतून इथे स्वतःची व्यावसायिक रंगभूमी उभी राहिली. तिचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, कागदोपत्री देसाईगंज. रेल्वे स्टेशन आहे आणि चारही जिल्ह्यांतून यायला सोयीचं आहे, म्हणून नाटक कंपन्यांनी ऑफिसं इथेच थाटली. हंगामात रस्त्याकडेला कंपन्यांचे फलक लागतात. गावोगावची मंडळं येतात, कोणत्या कंपनीत यंदा कोण हिरो, कोण विनोदी नट, हे विचारतात, घासाघीस करतात आणि तारीख पक्की करून जातात.

हंगाम दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून सुरू होतो आणि होळीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चालतो. ही वेळ कुणा सल्लागाराने ठरवलेली नाही. धान कापून झालेलं असतं, हातात पैसा आलेला असतो आणि शेतात काम नसतं. त्यात गावोगाव मंडई भरते. मंडईला लेकी-जावई, सोयरे-धायरे मुक्कामाला येतात, लग्नाच्या सोयरिकी जुळतात. काही गावांत दिवसा शंकरपट असतो, म्हणजे बैलांची शर्यत. दिवसभर पट पाहून झाला की हजारो माणसं रात्री गावातच असतात. त्यांना दुसरं काय हवं? रात्री नाटक लागतं आणि ते पहाटेपर्यंत चालतं.

गर्दी आधी जमवायची आणि तिकीट नंतर विकायचं, हा धडा मास्टर्सच्या वर्गात पहिल्या सत्रातच येतो. एका कार्यक्रमावर दुसरा कसा टेकलेला असतो, हेही इथे दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा अशा गावांतला दिवसाचा ओढाच गेला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षं पटाशिवाय काढायची होती.

धोका कुणाचा?

खरी गंमत हिशेबात आहे. कंपनी ठरलेली रक्कम घेते आणि प्रयोग करून निघून जाते. तिकिटं विकायची जबाबदारी गावच्या मंडळाची. प्रेक्षक आले तर नफा मंडळाचा. कुठे तो शाळेला किंवा मंदिराला जातो, कुठे पुढच्या वर्षीच्या नाटकाला. पाऊस आला तर तोटाही मंडळाचाच, म्हणजे दहा-पंधरा तरुणांच्या खिशातून.

समजा, कंपनीचे पैसे, मंडप, लाइट, प्रचार असा सगळा खर्च १ लाख २० हजार रुपये झाला आणि तिकीट सरासरी ८० रुपये ठेवलं. मग निव्वळ खर्च निघायलाच १,५०० माणसं लागतील. हा आकडा आधी काढून तारीख पक्की करणारं मंडळ आणि 'होऊन जाईल' म्हणून सही करणारं मंडळ, यांच्यातल्या फरकाला अभ्यासक्रमात 'ब्रेक-इव्हन' म्हणतात. बाकी पुढच्या खुर्च्यांचा दर वेगळा आणि मागे जमिनीवर बसायचा वेगळा, ही दराची उतरंड झाडीपट्टीला कुणी शिकवायची गरज नाही.

स्पॉन्सरशिपचंही तसंच. झाडीपट्टीतल्या नाटकाची पत्रिका कधी नीट वाचून बघा. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी… नावं संपतच नाहीत. बाहेरच्याला हसू येतं. पण मोठ्या महोत्सवांत 'टायटल स्पॉन्सर', 'पॉवर्ड बाय', 'असोसिएट पार्टनर' अशी उतरंड असते, तिच्यापेक्षा हे काय वेगळं आहे? जितकं मोठं नाव आणि जितकी मोठी देणगी, तितकी वरची ओळ.

स्पर्धाही कमी नाही. एकाच गावात एकाच रात्री दोन-तीन नाटकं लागतात आणि तरी सगळ्यांसमोर गर्दी असते. मग वेगळेपण दाखवायला पोस्टरवर मुंबई-पुण्याचा टीव्ही कलाकार येतो, मध्येच नाचगाणं घुसतं. जुने रसिक यावर कुरकुरतात आणि त्यांची कुरकुर चुकीची नाही. पोस्टरवरचा पाहुणा एक रात्र गर्दी खेचतो, पण वर्षानुवर्षं माणसं परत येतात ती घरच्या नटासाठी. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून जास्त प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका, असा त्यांचा प्रवास आहे. इतकी वर्षं एकाच प्रदेशात नाव टिकवून धरणं याला मार्केटिंगच्या भाषेत 'ब्रँड' म्हणतात. झाडीपट्टीत फक्त नाव सांगतात, तेवढं पुरतं.

मग डिग्री कशाला?

कारण काही गोष्टी अनुभवाने येत नाहीत, किंवा फार महाग पडून येतात.

पहिली म्हणजे कायदा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. झाडीपट्टीचं नाटक रंगात येतं तेच मध्यरात्रीनंतर. म्हणजे हा अख्खा उद्योग अशा नियमाच्या सावलीत चालतो, जो त्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलाच नाही. परवाना, विमा, आग लागली तर बाहेर पडायची वाट, कलाकारासोबतचा लेखी करार, हे विषय चांगल्या अभ्यासक्रमात सक्तीचे असतात. त्यात इथली भर वेगळीच. पहाटे नाटक सुटल्यावर माणसं जंगलातल्या रस्त्याने घरी जातात आणि त्याच जंगलात वाघ आहेत, अलीकडे रानटी हत्तीही आलेत. गर्दीच्या सुरक्षिततेवरच्या पाठ्यपुस्तकात हे प्रकरण सापडणार नाही. ते लिहायचं तर इथल्याच कुणीतरी लिहावं लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजमाप. ताडोबा महोत्सवाचं उदाहरण घ्या. मार्च २०२४ मध्ये चंद्रपुरात तीन दिवस हा महोत्सव झाला. सेलिब्रिटी आले, ६५,७२४ रोपट्यांनी 'भारतमाता' शब्द साकारून गिनीज विक्रमही झाला. बातम्या भरपूर झाल्या. पण अशा महोत्सवानंतर विचारायचे प्रश्न वेगळे असतात. किती लोक बाहेरून आले? ते किती रात्री थांबले? सफारी सोडून त्यांनी आणखी कुठे पैसे खर्च केले? आजूबाजूच्या गावांना त्यातून काय मिळालं? विक्रम मोजणं सोपं असतं, म्हणून तो मोजला जातो. उरलेलं मोजायची पद्धत शिकणं हा मास्टर्सचा सगळ्यात उपयोगी भाग.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांची नोंद. मंडळ हजार-दीड हजार तिकिटं विकतं, पण घेणारा कोणत्या गावचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. कोविडमुळे २०२० चा हंगाम बुडाला तेव्हा कलाकार आणि तंत्रज्ञ घरी बसले. प्रेक्षकांपर्यंत थेट पोहोचायचा रस्ता कुणाकडे नव्हता. आता यूट्यूब आणि व्हॉट्सॲप आलंय, पण पोस्टर फॉरवर्ड करणं म्हणजे प्रेक्षक ओळखणं नव्हे.

शिकायचं कुठे, आणि पैशांचं काय?

भारतात सरळ रस्ता म्हणजे मार्केटिंग विषय घेऊन दोन वर्षांचं एमबीए. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते. इव्हेंट हा विषय बहुतेक ठिकाणी एखाद-दुसऱ्या पेपरपुरता येतो. मुंबई-पुण्यात फक्त इव्हेंट शिकवणाऱ्या खासगी संस्थाही आहेत. तिथे फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव असेल? उत्तर देताना समोरचा 'इंडस्ट्री सर्टिफिकेशन'कडे वळला, तर ती मास्टर्स नाही.

या विषयाचं स्वतंत्र शिक्षण ब्रिटनमध्ये जास्त रुळलंय. लीड्समधल्या आजच्या लीड्स बेकेट विद्यापीठाने १९९० च्या दशकातच इव्हेंट मॅनेजमेंटची पदवी सुरू केली होती. मास्टर्स तिथे साधारण एक वर्षाची असते आणि शेवटी प्रबंध किंवा प्रकल्प करावा लागतो. परदेशी विद्यार्थ्यांची फी अशा विद्यापीठांत साधारण १५ ते २० हजार पौंडांच्या घरात जाते. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम शोधायला दोन वर्षं मिळायची. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतील.

आता शिष्यवृत्ती. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. आदिवासी विकास विभागाची आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाची योजना वेगळी. इथे एक खाच आहे, जी एजंट सांगत नाही. राज्याच्या योजनांच्या अलीकडच्या अटींत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावं लागतं. इव्हेंट विषयात नावाजलेली ब्रिटिश विद्यापीठं मात्र बहुतेक या २०० च्या बाहेर आहेत. म्हणजे विषयात चांगलं असलेलं विद्यापीठ शिष्यवृत्तीत बसत नाही आणि शिष्यवृत्तीत बसणाऱ्या विद्यापीठात हा विषय असेलच असं नाही. अशा वेळी मोठ्या विद्यापीठात मार्केटिंग किंवा सांस्कृतिक व्यवस्थापन घेऊन प्रबंधासाठी इव्हेंट निवडणं, हा मधला रस्ता.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीने तर २०२२ मध्ये आणखी एक अट घातली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशी जाता येणार नाही. झाडीपट्टीवर संशोधन करायला निघालेल्या मुलीने अर्जात विषय लिहिताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीत क्रमवारीची अडचण येत नाही. तिथे पदवीनंतर किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. त्यात बिनपगारी आणि स्वयंसेवी कामही धरलं जातं. मंडळाचा हिशेब सांभाळणं, तिकीटविक्री, प्रचार, सगळं. अट एवढीच की ते तास दाखवता यायला हवेत. शिक्षण झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, जे झाडीपट्टीच्या फायद्याचंच आहे.

यातलं काहीच मिळालं नाही तर उरतं कर्ज. सरकारी हमी योजनेत तारणाशिवाय शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत मिळू शकतं. ब्रिटनच्या फीच्या निम्मंही ते होत नाही. पुढे तारण लागतं आणि गडचिरोलीत गाडी इथेच अडते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाला जाते, पण ती विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे बँकेला ती तारण म्हणून चालत नाही. जमीन हातची जाऊ नये म्हणून केलेली ही तरतूद योग्यच आहे, पण शिकायला निघालेल्या मुलाला तिचा आधार होत नाही.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एक हंगाम मंडळाचं काम वहीत नोंदवून करून बघायला हरकत नाही. खर्चाची प्रत्येक पावती, प्रत्येक दराची किती तिकिटं गेली, कोणत्या गावातून किती माणसं आली, भोंग्याची जीप जिथे फिरली तिथून जास्त आली की व्हॉट्सॲपवरून, आणि स्वतःचे कामाचे तास. अशी वही प्रवेशाच्या अर्जालाही जोडता येते, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीतही दाखवता येते. आणि कुठेच प्रवेश मिळाला नाही, तर पुढच्या भाऊबीजेला वडशात बुकिंगची घासाघीस करायला बसताना ती मंडळाच्या हातात असेल.