विचारून टोचलेली लस : मुंबई इलाख्यातला प्लेग आणि संमतीचा प्रश्न

वैद्यकीय नीतिशास्त्राचा इतिहास सांगायचा झाला की पाठ्यपुस्तके हटकून १९४७ सालच्या न्यूरेंबर्गपासून सुरुवात करतात. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्याच्या निकालपत्रात दहा कलमांची एक संहिता नोंदवली गेली. तिचे पहिलेच कलम असे, की ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे. पुढे १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, १९७९ चा अमेरिकेतला बेलमाँट अहवाल, २००० साली आपल्याकडच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे, अशी ती वंशावळ. ती चुकीची नाही. पण वाचणाऱ्याचा असा समज होतो की त्याआधी डॉक्टरांना हे प्रश्न पडलेच नव्हते. ते पडले होते, आणि आपल्या अगदी जवळ पडले होते. नकार द्यायला कोण मोकळा असतो, काही माणसांना उपचाराविना मुद्दाम ठेवावे का, चूक झाली तर उत्तर कोणी द्यायचे, हे सगळे १८९६ नंतरच्या दहा वर्षांत एका लशीच्या निमित्ताने मुंबई इलाख्यात आणि त्याच्या आसपास उभे राहिले. त्या प्रश्नांना तेव्हा नावे नव्हती, इतकेच.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते. उंदरावरच्या पिसवांचे काम सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने ओळखले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे गटारांतून कार्बोलिकचे पाणी सोडणे, घरांची कौले काढणे, सामान जाळणे, रोगी आणि त्याचे नातलग उचलून छावणीत नेणे, हे सारे चालले होते ते अर्धवट माहितीच्या जोरावर. तरी हुकूम देणाऱ्यांना शंका नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. चार कलमांचा हा छोटेखानी कायदा. त्याचे शेवटचे कलम असे, की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने काय केले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचा शेवट काय झाला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

त्या भीतीचा एक नमुना मात्र सांगतो. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटे टांगून त्याची मोमियाई काढतात, अशी बोलवा शहरभर होती. हे अडाणीपणाचे लक्षण म्हणून इतिहासकार सोडून देत असत. पण आपला माणूस न विचारता उचलून नेला जातो आणि बहुधा परत येत नाही, एवढाच ज्यांचा अनुभव, त्यांनी त्या इस्पितळाबद्दल दुसरे काय मानावे?

याच शहरात, याच महिन्यांत, वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत काम करत होते. ओडेसाचे ज्यू, मेचनिकोव्हचे शिष्य, पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आधी साहाय्यक ग्रंथपाल आणि मग संशोधक झालेले. कॉलऱ्याची लस त्यांनी १८९२ साली प्रथम स्वतःला टोचून घेतली होती आणि पुढे कलकत्त्याच्या वस्त्यांत हजारोंना टोचली होती. सरकारने त्यांना प्लेगसाठी मुंबईला पाठवले. मांसाच्या रश्शात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे म्हणजे त्यांना धरून जंतूंचे झुबके खाली लोंबतात, मग ते तापवून मारायचे आणि थोडे कार्बोलिक घालून बाटलीत भरायचे, अशी त्यांची पद्धत. रस्सा बकऱ्याच्या मांसाचा. गाईचा किंवा डुकराचा असता तर लस कितीही गुणकारी असली तरी ती टोचून घ्यायला कोण आले असते? समोरच्या माणसाला विचारायचे ठरवले की त्याच्या श्रद्धेचाही विचार करावा लागतो, हे हाफकिनना रश्शाच्या भांड्यापासूनच कळले होते असे दिसते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला १० घनसेंटिमीटर लस टोचून घेतली. पुढे लोकांना देत त्याच्या कितीतरी पट हा डोस होता. ताप आला, टोचलेली जागा दुखली, ते बरे झाले. संशोधकाने आधी स्वतःवर प्रयोग करावा, हा त्या काळचा अलिखित नियम. त्यातून त्याची निष्ठा सिद्ध होते. पण मी माझ्यावर केले म्हणून तुझ्यावर करायचा मला हक्क आला, असे त्यातून सिद्ध होत नाही. आणि त्या काळी या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होत असे.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन तिथे गेले, कैद्यांना लस काय आहे ते सांगितले आणि कोण टोचून घ्यायला तयार आहे ते विचारले. जवळपास निम्मे पुढे आले. पुढच्या काही दिवसांत लस न घेतलेल्यांत लागण आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे अधिक दिसले.

इथे थांबायला हवे. बाहेर शहरात, ज्यांना नागरिक म्हणून काही हक्क असायला हवेत अशा माणसांना, कोणी काही विचारत नव्हते. आणि तुरुंगाच्या आत, ज्यांचे सगळे हक्क काढून घेतले आहेत अशांना विचारले जात होते. हाफकिनच्या पक्षाने बोलायचे तर हे मोठेच पाऊल आहे. लस ऐच्छिकच राहावी, सक्तीची नसावी, हा त्यांचा आग्रह पुढेही कायम होता. पण ज्याला कोठडीतून हलता येत नाही, ज्याच्या शेजारी माणसे मरत आहेत आणि विचारणाऱ्याच्या मागे जेलर उभा आहे, त्याच्या होकाराला स्वेच्छा म्हणायचे का? न्यूरेंबर्गच्या खटल्यात आरोपींच्या वकिलांनी नेमका हाच मुद्दा उलटवला होता. अमेरिकेच्या स्टेटव्हिल तुरुंगात तुम्ही कैद्यांना मलेरियाची लागण करून औषधे तपासलीत, ती संमती कोणत्या जातीची, असा त्यांचा सवाल होता. तो बचाव टिकला नाही, पण प्रश्न उरला. अमेरिकेने कैद्यांवरच्या संशोधनावर कडक बंधने घातली ती १९७८ साली. भायखळ्याच्या कैद्यांबद्दल मला एवढेच म्हणावेसे वाटते की त्यांना लागण करून दिली जात नव्हती, प्लेग आधीच भिंतीच्या आत होता. स्टेटव्हिल आणि भायखळा यांतला हा फरक छोटा नाही.

शास्त्राच्या बाजूनेही भायखळ्यात एक खोट होती. जे आपणहून पुढे येतात ते मुळात अधिक धडधाकट किंवा अधिक सावध असतील, तर वाचले ते लशीमुळे की स्वभावामुळे? म्हणून १ जानेवारी १८९८ रोजी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवून एकाआड एक टोचले गेले. आकडा निर्दोष झाला. ज्या क्षणी आकडा निर्दोष झाला त्याच क्षणी कोणाला लस मिळणार आणि कोणाला नाही हे ठरवणे माणसाच्या हातून निघून रांगेतल्या जागेकडे गेले, हे मात्र विसरता येत नाही.

याची सर्वांत टोकाची परिस्थिती उंढेऱ्याची. बडोद्यापासून काही मैलांवरचे, गायकवाडांच्या राज्यातले हे खेडे. गावात प्लेग होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरची माणसे मोजली आणि प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्यांना लस टोचली. वय, प्रकृती, बाई-पुरुष दोन्ही बाजूंना सारखे येतील अशी वाटणी करून. एकच छप्पर, एकच चूल, एकच उंदीर. फरक फक्त लशीचा. काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा २८ कुटुंबांत प्लेग येऊन गेला होता. त्या घरांतल्या लस टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. १८९९ साली लंडनला रॉयल सोसायटीपुढे हाफकिननी हे आकडे मांडले.

लशीच्या बाजूने याहून बोलका पुरावा मिळणे अवघड. आजही औषधांच्या चाचण्या याच तत्त्वावर चालतात : एका गटाला औषध, एका गटाला नाही, आणि दोन्ही गट शक्य तितके सारखे. आजचे नीतिशास्त्र याला एका अटीवर मान्यता देते. औषध खरोखर गुणकारी आहे की नाही याबद्दल जाणकारांत प्रामाणिक अनिश्चितता असली पाहिजे. उत्तर आधीच माहीत असेल, तर दुसऱ्या गटाला उपाशी ठेवणे म्हणजे प्रयोग नव्हे, अपराध. मग १८९८ च्या फेब्रुवारीत हाफकिनना उत्तर माहीत होते का? त्यांची स्वतःची खात्री झालेली होती. सरकारी वैद्यकखात्यातल्या अनेकांची झालेली नव्हती, आणि त्यांची खात्री पटवल्याशिवाय लस लाखो लोकांपर्यंत पोहोचणार नव्हती. ती अनिश्चितता हाफकिनच्या मनात नव्हती, साहेबांच्या कचेरीत होती. तिची किंमत उंढेऱ्यातल्या घरांनी दिली. एका घरातल्या दोन भावांपैकी कोणाचा दंड पुढे झाला आणि कोणाचा मागे राहिला, हे ठरवणाऱ्या माणसाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण हा तक्ता नुसता विज्ञानाचा विजय म्हणून वाचणेही मला जमत नाही.

पुढे लशीचा प्रसार झाला त्यालाही दोन वाटा होत्या. एक विश्वासाची. तरुण आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांदेखत लस टोचून घेतली आणि त्यांच्या मागोमाग हजारो खोजे आले. दुसरी वाट दाखल्याची. लस टोचल्याचा दाखला ज्याच्याजवळ असेल त्याला छावणीत डांबण्यापासून आणि प्रवासाच्या निर्बंधांतून सूट मिळू लागली. ही सक्ती नव्हती. पण आधी माणसाच्या दाराशी शिपाई उभे करायचे आणि मग शिपाई हटवण्याची किंमत म्हणून दंडात सुई मागायची, याला निखळ ऐच्छिक म्हणणेही कठीण. याच सुमारास, १९०० साली, क्यूबामध्ये वॉल्टर रीड यांच्या पीतज्वराच्या प्रयोगात भाग घेणाऱ्या स्पॅनिश मजुरांकडून त्यांच्याच भाषेत लेखी करार करून घेतला गेला. त्यात धोका लिहिलेला होता आणि मोबदलाही : १०० डॉलर, ताप आल्यास आणखी १००. तिथे प्रलोभन सोन्याचे होते, इथे घरी राहू देण्याचे. कोणते जड, हे ज्याने त्याने ठरवावे.

आणि मग मलकोवाल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या या गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते मेले. सर्व १९ जणांची लस एकाच बाटलीतली. चौकशी आयोगाने ठपका ठेवला तो परळच्या प्रयोगशाळेवर : बाटली मुंबईतच दूषित झाली असावी. तिकडे लस निर्जंतुक करण्याच्या रीतीत बदल करून कार्बोलिक वगळण्यात आले होते, हे हाफकिनच्या विरुद्ध गेले. त्यांना पद सोडावे लागले. मलकोवालला ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष मात्र बाजूला पडली. अखेर रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी १९०७ च्या जुलैत लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून बाजू मांडली आणि त्याच वर्षी सरकारने हाफकिनना निर्दोष मानले. ते भारतात परतले ते कलकत्त्याला. परळच्या प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे पुन्हा आली नाहीत. १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले, १९३० साली लोझानला ते वारले.

या प्रकरणाला ‘छोटे ड्रेफस प्रकरण’ म्हणतात. नाव समर्पक आहे. एका ज्यू शास्त्रज्ञावर अन्याय झाला आणि तो धुऊन काढायला पाच वर्षे लागली. पण नावावरूनच कळते की प्रकरण कोणाचे मानले गेले. वाद झाला तो बाटलीत बिघाड मुंबईत झाला की मलकोवालात, यावर. दोन्हीकडे तो गावकऱ्यांच्या हातून झालेला नव्हता. संशोधनात इजा झाली तर दोष कोणाचा हे ठरण्याची वाट न पाहता इजा झालेल्याला भरपाई मिळाली पाहिजे, ही कल्पना त्या काळात कोणाच्या डोक्यातही आली नसावी. भारतात औषधांच्या चाचण्यांतल्या इजेबद्दल भरपाईचे सविस्तर नियम झाले ते २०१३ साली.

ते नियम ज्या गदारोळातून आले त्यातले एक प्रकरण असे. २००९-१० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा एक प्रकल्प आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा, म्हणजे उंढेऱ्याच्याच जुन्या बडोद्याच्या, जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींवर राबवला गेला. काही मुली दगावल्या. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. प्रकल्प २०१० मध्ये थांबवण्यात आला तो आधी, आणि संसदेच्या समितीने त्यावर कोरडे ओढले ते नंतर, २०१३ मध्ये. आंध्रातले संमतिपत्रांचे ९,५४३ कागद तपासले गेले होते. त्यांतल्या १,९४८ कागदांवर अंगठे होते, आणि २,७६३ कागदांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या.